फोनबाहेर थांबलेला मेसेज

त्या दिवसाची आठवण आली की अजूनही कागदावर पेन टेकवण्याआधी माझा हात क्षणभर थांबतो. बरीच वर्षं झाली. गावोगाव बटणांचे साधे मोबाईल पोहोचले होते, पण बोलणं अजून स्वस्त झालं नव्हतं. मी तेव्हा सहायक फौजदार होतो, माजलगाव भागातल्या एका ठाण्यात. ठाण्याचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. ती माणसं तिथेच राहतात आणि त्यांना आता त्या गोष्टीचा त्रास नको.

माझं गाव कोकणात. वडील गेले आणि आठवीत शाळा सुटली. पुढे बाहेरून परीक्षा देऊन कसाबसा भरतीला पात्र झालो आणि जिथे जागा निघाली तिथे, म्हणजे बीडला आलो. येताना वाटलं होतं, दोन-चार वर्षांनी बदली करून घेऊ. इथेच निवृत्त झालो. या जिल्ह्याने मला भाकरी दिली, बायको दिली, मुलांच्या शाळा दिल्या. त्याचे उपकार मी विसरत नाही. मात्र अर्धवट शाळेची एक भीती जन्मभर राहिली. लिहिलेलं खोडता येत नाही ही ती भीती. जबाब घेताना मी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारायचो आणि मगच लिहायचो. ठाण्यातले चेष्टा करायचे, "कोकणी, जबाब लिहायलास का पोथी?"

उन्हाळा लागला होता. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या टोळ्या परत यायला लागल्या होत्या. रस्त्याने ट्रॅक्टर दिसत, वर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं. अशा दिवसांत आमच्याकडे तक्रारी वाढतात. सहा महिने माणसं लांब असतात आणि परतल्यावर सगळी भांडणं एकदम उघडतात.

त्या सकाळी नेकनूरकडच्या एका गावातली बाई ठाण्यात आली. तिच्याबरोबर तिचे दोन भाऊ आणि भावकीतली पाच-सात माणसं होती. तिची मुलगी आमच्या हद्दीत तेलगावजवळच्या गावात दिलेली. मुलगी आणि जावई टोळीबरोबर तोडीला गेले होते. जावई एकटाच परत आला. त्याचं म्हणणं, भांडण झालं, ती रागाने कोपीवरून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवरून, निघाली आणि माहेरी जाते म्हणाली. ती माहेरी पोहोचलीच नव्हती. मुलीचा फोन बंद लागत होता.

"सायेब," ती बाई म्हणाली, "माझी लेक जित्ती असती तर तिनं मला कळवलं असतं. कुटंबी गेली तरी मेसेज टाकती. शेजारची सून वाचून दावती मला. या बारीला मेसेज न्हाई. त्यानं मारली तिला."

ठाणे अंमलदाराने हरवल्याची नोंद घेतली, स्टेशन डायरीला लिहिलं. मुलीच्या नंबरची माहिती मागवण्यासाठी जिल्ह्याच्या कार्यालयाला पत्र गेलं. त्या काळात ती माहिती यायला दिवस जायचे. तोवर भावांनी बाहेर लिंबाखाली बैठक मारली आणि जावयाचं घर कोणत्या गल्लीत आहे याची उघड चर्चा सुरू केली. मी दोन शिपाई पाठवून जावयाला आधी ठाण्यात आणून बसवला. चौकशीसाठी म्हणून आणला हे खरं, पण त्याला वाचवण्यासाठीही आणला होता.

दुपारच्या आत एका खबऱ्याचा निरोप आला. जावई परत आल्याबरोबर माजलगावच्या एका सोनाराकडे बायकांचे चांदीचे पैंजण घेऊन गेला होता. आमचे निरीक्षक साहेब बंदोबस्तावर होते. त्यांना फोनवर कळवलं.

ते म्हणाले, "बायको गायब, पैंजण सोनाराकडे. अजून काय पाहिजे? संध्याकाळी मी येतो. त्याचा जबाब तयार ठेवा. खुनाचा गुन्हा दाखल करून त्याला अटक दाखवू, पुढचा तपास तिकडच्या पोलिसांच्या मदतीने करू."

चूक त्यांची नव्हती. बाहेर जमाव वाढत होता आणि उद्या काही भलतं झालं असतं तर आधी त्यांनाच विचारलं गेलं असतं.

मी जावयाला समोर बसवलं. पंचविशीचा पोरगा, उसाच्या पात्याने कापलेले हात, डोळे सुजलेले.

"पैंजण कुणाचे?"

"तिचेच. तिनंच काढून फेकले माझ्या अंगावर. कडी तुटली. जोडायला टाकलेत."

"भांडण कशावरून?"

तो म्हणाला, "म्या हात उचलला व्हता. एकदाच."

"मग?"

"मग ती गेली. मला वाटलं यील वापस. न्हाई आली."

सोनाराकडे माणूस पाठवला, तर सोनार घाबरून म्हणाला, असलं काही माझ्याकडे आलंच नाही. पोलिसांचं झेंगट नको म्हणून माणसं असं पहिल्या धक्क्याला खोटं बोलतात. याची मला कल्पना होती. पण माझ्या बाजूच्या हवालदाराला ते पुरेसं झालं.

"खरं बोल बे," तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "कुठं गाडली तिला?"

पोरगा भिंतीकडे सरकला. त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. पण बाहेरून मुलीच्या मामांचे आवाज आत येत होते आणि त्याने सकाळपासून पाणीसुद्धा नीट प्यायलं नव्हतं. काही वेळाने तो एकदम शांत झाला. मला ती शांतता ओळखीची होती. माणूस थकला की असा होतो.

"लिवा सायेब," तो म्हणाला. "म्याच मारली म्हनून लिवा. म्या मारलं म्हनूनच गेली ना ती. लिवा अन् मला आत टाका. पन भाईर नका सोडू."

हवालदाराने कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन उघडलं आणि विचारलं, "कुठे मारलं?"

"कोपीमागं."

"कशानं?"

"कोयत्यानं."

"आणि मग?"

"कॅनालात टाकली."

थोड्या वेळाने मी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा तो म्हणाला गळा दाबला आणि विहिरीत टाकली. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "तुमाला जसं पायजे तसं लिवा." ज्याने खरंच केलेलं असतं तो असं बोलत नाही. तो एक तर कबूलच करत नाही, नाही तर त्याला जागा पक्की ठाऊक असते. मी पेन बंद केलं. पण माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं, आणि संध्याकाळ जवळ येत होती. साहेबांना मी काय सांगणार होतो? पोरगा कबूल करतोय, पण मला लिहावंसं वाटत नाही?

मुलगी नेहमी मेसेज करते असं आई म्हणाली होती. म्हणून आईचा फोन पुरावा म्हणून तपासायचा ठरवला. फोन तपासायचा तर पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला पंच हवेत. आमच्या ठाण्यासमोर एक कापड दुकानदार होते. पंच लागला की शिपाई रस्ता ओलांडून त्यांनाच आणायचा. दुसरे पंच शेजारचे हॉटेलवाले. दोघे कुरकुरत यायचे, पण यायचे.

"साहेब, गल्ल्यापेक्षा तुमच्या बाकड्यावरच जास्त बसतो मी," दुकानदार म्हणाले. "आज काय, दारू का जुगार?"

मी त्यांच्या हातात फोन दिला. जुना, बटणांवरचे आकडे झिजलेले, मागून दोऱ्याने बांधलेला. पडद्याच्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र सारखं उघडझाप करत होतं. मी ते आधीही पाहिलं होतं, पण मला वाटलं बॅटरीची खूण असेल.

दुकानदाराने मात्र ते पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे बघा. असल्याच फोनांपायी माझे पैसे बुडायलेत."

"म्हणजे?"

मग त्यांनी आपलं रडगाणं सांगितलं. लग्नसराईत साड्यांच्या सेलची जाहिरात म्हणून त्यांनी बीडच्या एका एजंटाकडून मेसेजचं पॅक घेतलं होतं. एजंटाकडे हजारो नंबर. रिचार्जच्या दुकानांत लोक वहीत नंबर लिहितात, त्या वह्यांवरून जमवलेले. मेसेजमागे अमुक पैसे. दिसायला किरकोळ, पण हजारांनी गुणलं की दिवाळीच्या विक्रीतला नफा जातो. तरी गिऱ्हाईक येईना. दुकानदार भांडायला गेले, तेव्हा एजंट म्हणाला, मेसेज गेले, पण सगळे पोचले नाहीत.

"म्हणे, काही फोनांचा डबा भरलेला असतो," दुकानदार म्हणाले. "डबा भरला की हे पाकीट असं लुकलुकतं अन् नवा मेसेज आत शिरत न्हाई. भाईर कंपनीकडं थांबतो. जागा झाली की येतो. दोन-तीन दिवस वाट बघतो अन् मग मरतो. पन पैसे घेतातच. मी म्हनलो, मेलेल्या मेसेजचे पैसे कावून देऊ? तर म्हणतो, पाठवायचे पैसे हायेत, पोचायचे न्हाईत."

मी त्यांना थांबवलं आणि तेच पुन्हा सांगायला लावलं. बाहेर थांबतो. जागा झाली की येतो. दोन-तीन दिवसांत मरतो. मुलगी कोपीवरून निघून तितकेच दिवस होत आले होते.

मी मुलीच्या आईला आत बोलावलं. "मावशी, तुमचा फोन मेसेजनी भरलाय. थोडे पुसावे लागतील."

तिने पटकन फोनवर हात ठेवला. "पुसायचं न्हाई."

"का?"

"मेसेज पुसला की पैसं वापस जातेत. ब्यांकेत पगाराचे आलेत, त्येचा मेसेज हाय त्यात. गावात समद्यांला ठाव हाय."

पगार म्हणजे निराधार योजनेचं अनुदान. ते जमा झालं की बँकेचा मेसेज येतो आणि तिच्यासाठी तो मेसेज म्हणजेच पैसे होते. तिला वाचता येत नव्हतं आणि शेजारची सून फक्त लेकीचे मेसेज वाचून दाखवायची, त्यामुळे बँकेचा कोणता आणि साड्यांचा कोणता हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून तिने आलेला एकही मेसेज कधी पुसला नव्हता. हवालदार हसला. मला हसू आलं नाही. नोकरीची पहिली बरीच वर्षं मी एसटीची तिकिटंसुद्धा ट्रंकेत जपून ठेवत होतो, कोण कधी काय विचारील म्हणून.

तिच्या मनाविरुद्ध पुसणं शक्य होतं, हुकूम चालवला असता तर. पण पुरावा म्हणून घेतलेल्या फोनमधून काही पुसायचं, तर ते आधी नोंदवायलाच हवं होतं. मी म्हणालो, "मावशी, आपण असं करू. हे पंच एकेक मेसेज वाचतील. मी तो कागदावर शाईने लिहीन. खाली सही घेऊ, ठाण्याचा शिक्का मारू, एक प्रत तुम्हाला देऊ. मग पुसू. बँकेचा मात्र फोनमध्येच ठेवू. चालेल?"

तिने कागदावर बोट ठेवलं. "गोल शिक्का?"

"गोल शिक्का."

"मंग लिवा."

असा पंचनामा मी नोकरीत दुसरा केला नाही. दुकानदार चष्मा लावून वाचत होते आणि मी लिहीत होतो. ठिबक सिंचनावर सूट. कुणा पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. फोन लावणाऱ्याला ऐकू जाणारं गाणं. बियाणं. प्लॉट.

"तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी," दुकानदार वाचत म्हणाले. "मावशी, तुमाला इंग्रजी शिकवायलेत."

"मला कावून?"

"गिऱ्हाईक दिसत असंल त्यांना. हे बघा, हा आपला. साडी महोत्सव. आला व्हता ना मेसेज? मग आला कावून न्हाईत दुकानात?"

"मला काय ठाव तुमचा हाय ते," बाई म्हणाली. "म्या ब्यांकेचा समजून ठिवला."

दुकानदारांनी बटण दाबून पुढे पाहिलं. खालच्या ओळीत पुन्हा त्यांचाच मेसेज निघाला आणि त्याखाली आणखी एकदा तोच. एजंटाने एकाच नंबरावर तीनदा पाठवून तिन्हींचे पैसे लावले होते.

सात-आठ लिहून झाल्यावर मी पुसायला सांगितलं. क्षणभर काही झालं नाही. मग फोन वाजला. दुकानदाराने उघडला. सोन्याच्या दुकानाची जाहिरात. पुन्हा वाजला. कोचिंग क्लास. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा दुकानदाराने पडद्यावरचा नंबर वाचला आणि हवालदाराने आपल्या नोंदीवरून तो जुळवला. मुलीचाच नंबर.

मेसेज इंग्रजी अक्षरांत होता, भाषा घरची. दुकानदार अडखळत वाचू लागले. "आई मी अक्काच्या टोळीत हाय. त्यांचा कारखाना बंद झाला की त्यांच्यासंगं येते. चार्जिंग न्हाई. त्याला सांगू नको."

अक्का म्हणजे तिची चुलत बहीण, दुसऱ्या कारखान्यावर तोडीला गेलेली. आई भिंतीला टेकून खाली बसली.

मी साहेबांना फोन केला. ते अनुभवी माणूस. म्हणाले, "तिचा फोन त्या पोराकडेच असेल आणि त्यानेच पाठवला असेल तर? मेसेजला आवाज नसतो."

बरोबर होतं. आनंद तिथेच आवरला. बहिणीच्या टोळीचा मुकादम आमच्याच तालुक्यातला. त्याच्या घरून त्याचा नंबर घेतला. तो उसाच्या फडावर होता, त्याला कोप्यांवर जाऊन मुलीला फोनवर आणायला सांगितलं. त्याने परत फोन करीपर्यंत जो वेळ गेला तो मला उभ्या नोकरीत सगळ्यात लांब वाटला. फोन आला तसा मी तो आईच्या कानाला लावला, आणि स्पीकर सुरू ठेवला.

"आई? काय झालंय? मेसेज न्हाई का मिळाला?"

आई एवढंच म्हणाली, "मिळाला गं. आत्ता मिळाला."

हॉटेलवाले उठून चहा आणायला गेले. बाहेरच्या मामांना मी स्वतः सांगितलं. धाकट्याने उपरणं तोंडाला लावलं. बाकीचे हळूहळू पांगले, थोडे ओशाळलेले.

मग मी आत जाऊन पोराला म्हणालो, "ती सापडली. सुखरूप आहे. तुला जाता येईल."

तो उठेना. "पन म्या तर सांगितलं ना, मारली म्हनून. त्ये लिवलंय."

मी कोरा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि मग पहिल्यांदा रडला.

हंगाम संपून तो कारखाना बंद झाल्यावर मुलगी आली. ठाण्यात येऊन तिने जबाब दिला. रोमिंगमुळे बोलायला पैसे पुरत नव्हते म्हणून मेसेज टाकला, असं तिने सांगितलं. तो पोचला नसेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. "पैसं कटले की सायेब," ती म्हणाली. "कटले म्हंजी पोचला आसं वाटलं." एजंटाशी भांडण होईपर्यंत दुकानदारांनाही तसंच वाटत होतं. त्या दोघांचीही समजूत एकच निघाली.

नवऱ्याने मारल्याची नोंद तिने करायला लावली आणि मी ती केली. खून केला नाही म्हणून हात उचललेला माफ होत नाही, हे मी त्यालाही सांगितलं. वर्षभर ती माहेरी राहिली. मग आपल्या अटींवर नांदायला गेली. अटी काय होत्या हे मला ठाऊक नाही, पण पुढच्या हंगामाला ती दोघं तोडीला न जाता गावातच कामाला राहिली, एवढं कानावर आलं.

लोक विचारतात, पोलिसाला काय कळायला हवं? मी शिकलेला माणूस नाही, मोठं उत्तर माझ्याकडे नाही. त्या दिवसापासून मी एवढंच पाळलं, की निरोप आला नाही म्हणजे तो पाठवलाच नाही, असं धरायचं नाही. समन्स असो, वॉरंट असो, कुणाची मयत झाल्याची खबर असो, पोचलं का हे विचारल्याशिवाय मी कागद बंद केला नाही. आणि दमलेल्या माणसाची कबुली त्याला पाणी पाजून, झोपू देऊन, पुन्हा विचारल्याशिवाय लिहिली नाही. यामुळे माझी कामं रेंगाळली, वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. त्याचं वाईट वाटत नाही.

त्या संध्याकाळी मुलीशी बोलणं झाल्यावर मी ठाण्याबाहेर येऊन कोकणात आईला फोन लावला. आठवड्यातून एकदा, रविवारी, बोलायचं असा आमचा रिवाज होता. त्या दिवशी रविवार नव्हता. फोन शेजाऱ्यांकडे होता, त्यांनी तिला हाक मारली. ती धापा टाकत आली.

"काय झाला रे? आज कसो फोन केलंस?"

"काही झालं नाही, आई," मी म्हणालो. "खरंच काही झालं नाही. तेच सांगायला केला."